नागपूर उलटे वाचले तर काय मिळते?

वैदर्भी
मंडळी, आमच्या घरात गेल्या रविवारपासून एक वाद चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे दिसत नसल्यामुळे आपल्यापुढे ठेवते. माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने कोणताही शब्द उलटा करून दाखवणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि पहिलाच शब्द म्हणून आपल्या गावाचे नाव घातले. उत्तर आले 'रूपगान'. जेवणे चालू होती, ती तशीच राहिली. ज्या गावाची ओळख मे महिन्यातले ऊन, तर्री-पोहे आणि सावजी रस्सा अशी सांगितली जाते, त्याच्या नावात इतका सुरेल शब्द दडून बसला असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

बाबा मात्र हसले नाहीत. गेली पन्नास वर्षे ते रोज वर्तमानपत्रातले शब्दकोडे शाईच्या पेनाने सोडवतात, पेन्सिल वापरणाऱ्यांना ते कच्चे समजतात. ते म्हणाले, "नागपूर उलटे केले तर 'रपूगना' होते. पू चा ऊकार र ला कोणी दिला? ना चा काना ग ने कसा पळवला? हे उलट वाचणे नव्हे, ही चोरी आहे." भाचा म्हणतो, संगणकाला चोरी करता येत नाही.

तेव्हा प्रश्न असा, की मराठी शब्द उलटा करायचा म्हणजे नेमके काय उलटे करायचे? आणि आपापल्या लहानपणीचे अक्षरांचे खेळ आठवत असतील तर तेही सांगावेत.

इतवारीकर
बाबांचा निकाल कायम. ज्याने पाटीवर बाराखडी गिरवली आहे त्याला 'पू' हे एकच अक्षर दिसते.

संगणकसेवक
भाच्याचीही चूक नाही आणि संगणकाचीही नाही, दोघांनी एकमेकांना विचारले नाही एवढेच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, 'नागपूर' हा शब्द सहा खुणांनी साठवलेला असतो: न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र. आपल्याला चार अक्षरे दिसतात, यंत्राला सहा खुणा दिसतात. त्या मागून पुढे ओळीने लावल्या की र ला ऊकार मिळतो, प मोकळा होतो, ग ला काना लागतो आणि न उघडा पडतो. मात्रा नेहमी आपल्या आधीच्या व्यंजनाला चिकटते, आणि उलटवल्यावर 'आधीचा' बदलतो.

यावर उपाय असा, की खुणा न उलटवता अक्षराचा पूर्ण पुंजका उलटवायचा, ज्याला आमच्या धंद्यात ग्राफीम क्लस्टर म्हणतात. पण त्यातही मौज आहे. आपल्या गावचे फळ घ्या. 'संत्रा' या शब्दात किती अक्षरे, असे विचारले तर पहिलीतले पोरही दोन म्हणेल. युनिकोडच्या जुन्या नियमाने मात्र ती तीन होत, कारण सं, त्, रा असे तुकडे पडत. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरावे हा नियम २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. म्हणजे यंत्राला संत्रा नीट सोलता येऊ लागून फार दिवस झालेले नाहीत.

तर्रीपोहे
हा धागा वाचल्यावर काम बाजूला ठेवून मी जिल्ह्यातले सगळे तालुके भाच्याच्या पद्धतीने उलटे केले. रामटेकचे 'केटमार' होते. सावनेरचे 'रेनवास', जे एखाद्या संस्थानिकाच्या पावसाळी बंगल्याचे नाव वाटते. काटोलचे 'लोटाक', नरखेडचे 'डेखरन' आणि उमरेडचे 'डेरमउ'. रूपगान फक्त आपल्यालाच मिळाले आहे, तेव्हा बाबांना विनंती, की ते काढून घेऊ नये.

कामठीकर
आमचे काय?

तर्रीपोहे
कामठीची सुरुवातच वेलांटीने होते, दादा. पडद्यावर ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ आणि त्याच्या डोक्यावर वेलांटी आली. मी ते दोनदा करून पाहिले.

मुद्रितशोधक (निवृत्त)
संगणकसेवक यांनी सांगितलेली सहा खुणांची गोष्ट वाचून मला हसू आले, कारण ती आमच्या छापखान्यात १९७० च्या सुमारासही खरी होती. त्या वेळी जुळारी, म्हणजे अक्षरे लावणारे कामगार, खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, जुळवत असत. न वेगळा, काना वेगळा. अक्षरे खिळ्यावर उलटी असत आणि जुळारी ती उलटीच, बोटांच्या सवयीने, वाचत असे. त्याच्यासाठी 'महाल' हे आपल्या शहरातल्या वस्तीचे नाव म्हणजे म, ह, काना, ल असे चार खिळे.

एका लग्नपत्रिकेत जुळाऱ्याच्या हातून पहिल्या दोन खिळ्यांची अदलाबदल झाली. संध्याकाळची वेळ होती, प्रुफावरची शाई ओली होती आणि माझा चष्मा दुरुस्तीला गेलेला होता. पत्रिका छापून झाल्या, हळदीकुंकवाची बोटे लागली, निम्म्या पोस्टातही पडल्या. लग्नस्थळाच्या ओळीत, कार्यालयाच्या नावानंतर, ठळक टायपात 'हमाल, नागपूर' असे होते. वधूपिता पत्रिका घेऊन आले तेव्हा ते रागावलेले नव्हते, हे अधिक वाईट. त्यांनी शांतपणे विचारले, "अहो, आम्ही सामान स्वतःच आणणार आहोत, हे कोणी सांगितले तुम्हाला?" उरलेल्या पत्रिकांवर दोन दिवस बसून मी हाताने दुरुस्ती केली.

म्हणून माझे मत बाबांकडे झुकत असले तरी एक शंका आहे. महाल आणि हमाल यांना आपण एकाच शब्दाची उलटापालट म्हणाल की नाही? अक्षरे पाहिली तर एकीकडे म, हा, ल आहेत आणि दुसरीकडे ह, मा, ल. दोन अक्षरे जुळतच नाहीत. कानाला मात्र दोन्ही शब्द एकाच मालाचे बनलेले आहेत हे तत्काळ कळते.

इतवारीकर
काका, इतवारीत महाल आणि हमाल यांच्यात तसाही फार फरक उरलेला नाही. परंतु आपल्या शंकेने माझे निकालपत्र थोडे ओले झाले, हे मान्य करतो.

ळकार
उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या वाक्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. 'रामाला भाला मारा', 'ती होडी जाडी होती', 'टेप आणा आपटे', 'सर जाताना प्या ना ताजा रस', 'हाच तो चहा' ही सगळी अक्षरागणिक उलटवून पाहावीत, बिनचूक जमतात. भाच्याच्या प्रोग्रामला यांपैकी एकही जमणार नाही. ज्या अर्थी पिढ्यान्पिढ्या पोरांनी ही वाक्ये अक्षराने मोजली, त्या अर्थी मराठी खेळाचे माप अक्षर हेच आहे. इंग्रजीचे माप लावून आपण आपला खेळ बिघडवू नये.

मात्र काही प्रसिद्ध वाक्ये खोटी आहेत हेही सांगितले पाहिजे. 'चिमा काय कामाची' यात सुरुवातीला ह्रस्व चि आणि शेवटी दीर्घ ची आहे. 'तो कवी डालडा विकतो' यात वी आणि वि. लोक हे खपवून घेतात. मी घेत नाही.

मोडीवाचक
ळकार यांच्या काटेकोरपणाचा आदर राखून एक दुरुस्ती सुचवतो. ही दोन्ही वाक्ये मोडीत लिहावीत. मोडी लेखनात ह्रस्व आणि दीर्घ इकार वेगळे दाखवले जात नाहीत, एकच वेलांटी चालते. तेथे चिमाही निर्दोष ठरते आणि कवीही सुखाने डालडा विकतो. म्हणजे वाक्य खरे की खोटे हे लिपीवर ठरते.

अक्षराच्या फेरफाराचे मराठीतले सर्वांत भयंकर उदाहरणही मोडी पत्रातलेच सांगितले जाते. 'नारायणरावांस धरावे' यातल्या 'ध' चा आनंदीबाईंनी 'मा' केला अशी आख्यायिका आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, हा इतिहास आहे. आपल्या चर्चेपुरते पाहायचे तर म्हणीने अक्षरच मोजले आहे. 'ध चा मा' असे आपण म्हणतो, 'ध चा म आणि वर एक काना' असे म्हणत नाही.

तर्रीपोहे
जीव गेला तो गेला, पण हिशेब अक्षराचाच ठेवला.

शून्यमैल
ळकार यांच्या कसोटीला उतरणारे एक वाक्य मी काल रात्री तयार केले. नाग नदीच्या पुलावरून रोज जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो आणि आजी सांगते, की तिच्या लहानपणी घाटावर धुणी धूत असत. वाक्य असे: 'ती नदी न ती.'

ळकार
ती, न, दी, न, ती. निर्दोष आहे. शेवटचे 'न ती' बोलीत चालणार नाही, काव्यात चालेल. अभिनंदन.

रामगिरी
मी संस्कृत शिकवते आणि रामटेकला येऊन-जाऊन असते, म्हणून दोन गोष्टी सांगण्याचा मोह आवरत नाही. अक्षरागणिक उलट वाचण्याची परंपरा पोरखेळापुरती नाही. सोळाव्या शतकात गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या, म्हणजे आजच्या पाथरीच्या, दैवज्ञ सूर्यपंडितांनी एक विलोमकाव्य रचले, जे सरळ वाचले की रामकथा होते आणि उलट वाचले की कृष्णकथा. त्याची सुरुवात 'तं भूसुतामुक्तिमुदारहासं वंदे यतो भव्यभवं दयाश्रीः' अशी आहे. शेवटच्या अक्षरापासून मागे येत वाचावे, म्हणजे 'श्रीयादवं भव्यभतोयदेवं संहारदामुक्तिमुतासुभूतम्' असे मिळते. 'क्ति' आणि 'व्य' ही जोडाक्षरे कोठेही फुटलेली नाहीत, मात्रा ज्याची त्याच्याकडे राहिली आहे. मात्र 'श्रीः' चा विसर्ग कवीने उलट्या वाटेवर गुपचूप सोडून दिला आहे, हे ळकार यांच्या नजरेतून सुटणार नाही म्हणून आधीच कबूल करते.

दुसरी गोष्ट याच्या विरुद्ध बाजूची आहे. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) जी अनेक रामायणे लिहिली त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. ओठाला ओठ लागेल असा वर्ण, म्हणजे प, फ, ब, भ, म, त्यात येऊ द्यायचा नाही. रामाचे चरित्र सांगायचे आणि 'राम' म्हणायचे नाही! लक्ष्मण, भरत, हनुमान यांचीही नावे त्याच कारणाने बाद. हाच खेळ त्यापूर्वी संस्कृत लेखक दंडीने दशकुमारचरितात केला आहे. तेथे एका कुमाराचा ओठ प्रेयसीने चावलेला असल्यामुळे तो आपली सगळी हकिगत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. येथे मोजमाप अक्षराचे नसून वर्णाचे आहे. पा, पी, पू वेगवेगळी मानून काही उपयोग नाही, प् आला की खेळ संपला. तेव्हा 'मराठी खेळाचे माप अक्षर हेच' हे ळकार यांचे विधान मला अर्धे पटते. जेथे क्रम उलटायचा तेथे अक्षर, जेथे आवाज टाळायचा किंवा पुन्हा आणायचा तेथे वर्ण.

धरमपेठी
रामगिरीताई, ओठाची सबब ऐकून आमच्या घरी सगळ्यांनी पाच मिनिटे प, फ, ब, भ, म न उच्चारता बोलण्याचा प्रयत्न केला. पोहे मागता येत नाहीत, पाणी मागता येत नाही, आई चालते पण मम्मी चालत नाही. सासूबाई जिंकल्या, कारण त्या रुसून गप्प बसल्या होत्या.

माझ्याकडून 'च' ची भाषा. आम्ही बहिणी मोठ्यांसमोर तीच बोलत असू. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला च लावायचा. 'तुला कुठे जायचे' याचे 'चलातु चठेकु चयचेजा' होते. नागपूरचे 'चगपूरना'. आता या धाग्याच्या निमित्ताने लक्षात आले, की तु उचलताना उकार त्याच्याबरोबरच जात असे. तो मागे ठेवावा असे आमच्यापैकी एकीच्याही मनात आले नाही, आणि सर्वांत धाकटी तर तेव्हा शाळेतही जात नव्हती. लिहिता येत नसलेल्या मुलीलाही अक्षर म्हणजे काय हे ठाऊक होते.

वैदर्भी
धरमपेठीताई, हे बाबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "या मुलीला शब्दकोडे येत असणार." शब्दकोड्याच्या एका घरात एकच अक्षर बसते, मग ते 'ष्ट्री' का असेना, हा त्यांचा मुख्य पुरावा आहे.

शून्यमैल
गाड्यांच्या पाट्यांवरचा खेळ कोणी सांगितलाच नाही. इंग्रजी आकड्यांतील २१४ ला रेघा जोडून 'राम' करतात, ४९१२ चे 'पवार' होते. अक्षर आणि आकडा यांतली भिंतच पाडली आहे.

इतवारीकर
आणि वाहतूक पोलीस ती भिंत दंडाच्या पावतीने पुन्हा बांधतात. मूळ विषयाकडे चलावे.

मावशी_महालची
मूळ विषयाला धरूनच सांगते. आम्ही गावांच्या भेंड्या खेळत असू. ज्या अक्षराने गाव संपेल त्याच अक्षराने पुढचे गाव सुरू व्हायचे, आणि तेथे मात्र काना-मात्रा मोजत नसत. 'कुही' वरून ह घ्यायचा, ही नव्हे. हिंगण्याला आले की भांडण ठरलेले, कारण ण ने सुरू होणारे गाव आणायचे कोठून? मग ण चा न आणि ळ चा ल करून घेण्याची सवलत असे. म्हणजे मुले एका खेळात अक्षर अख्खे धरतात आणि दुसऱ्या खेळात त्याची मात्रा खुशाल उतरवून ठेवतात. याचे काय करायचे ते विद्वानांनी ठरवावे.

जाता जाता एक कोडे. आपल्या जिल्ह्यात नागपूर शहर आणि ग्रामीण धरून चौदा तालुके आहेत. नागपूर एकदाच धरावे. याच नावांची जास्तीत जास्त लांब भेंडी किती होते?

मुद्रितशोधक (निवृत्त)
सहाच्या पुढे जात नाही. पारशिवनी, नागपूर, रामटेक, कुही, हिंगणा आणि ण चा न करून नरखेड. तेथे ड येतो आणि ड चा तालुका नाही. र ने संपणारी चार नावे आहेत आणि र ने सुरू होणारे एकटे रामटेक, सगळी गर्दी त्या एका दारात होते.

आणखी एक. रूपगान हे केवळ मराठी नागपूरचे भाग्य आहे. हिंदीत 'नागपुर' असे ह्रस्व लिहितात, स्थानकावरच्या पाटीवर दोन्ही रूपे आढळतात. त्या नागपुरचे उलटे 'रुपगान' होईल, जे मी प्रुफात तांबड्या शाईने कापले असते. ग्रामनामातला 'पू' दीर्घ लिहावा हे साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांत सांगितलेले आहे. गाण्यातला सूर त्या नियमाने राखला.

ध्वनिवेडा
उशिरा येत आहे, पण एक तिसरे उत्तर कोणीच दिलेले नाही. लिपी बाजूला ठेवून वर्ण सुटे करा. व्याकरणाप्रमाणे न्, आ, ग्, अ, प्, ऊ, र्, अ. आता हे मागून पुढे वाचा: अ, र्, ऊ, प्, अ, ग्, आ, न्. 'अरूपगान्'. ज्याला रूप नाही त्याचे गाणे, शेवटचा न पाय मोडलेला. पण आपण बोलताना ग मधला आणि शेवटच्या र मधला अ उच्चारतच नाही. तोंडातून येते ते न्, आ, ग्, प्, ऊ, र्. ते उलटवले तर र्, ऊ, प्, ग्, आ, न्, म्हणजे आपण 'रूपगान' हा शब्द जसा उच्चारतो अगदी तसा. भाच्याच्या यंत्राने लिपीची चोरी केली खरी, परंतु कानाशी ते प्रामाणिक राहिले.

हे का जुळले, तर युनिकोडमध्ये मात्रा नेहमी व्यंजनाच्या नंतर साठवतात, जशी ती उच्चारली जाते तशी. ह्रस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तरी साठवणीत नंतरच असते. शब्द व्यंजनावर संपत असेल तर खुणा उलटवणे आणि आवाज उलटवणे यांत फारसे अंतर राहत नाही. कामठी स्वरावर संपते, म्हणून तेथे अडले. सुरुवातीला एकट्या पडलेल्या मात्रेला पूर्ण स्वराचा दर्जा दिला की काम भागते.

आता ळकार यांच्यासाठी. 'रामाला भाला मारा' हे वाक्य वर्णांनी उलटवले तर ते स्वतःसारखे राहत नाही. कागदावर करून पाहा: आ, र्, आ, म्, आ, ल्, आ, भ्, आ, ल्, आ, म्, आ, र्. 'आरामाला भाला मार.'

ळकार
तीनदा तपासले. बरोबर आहे. मी आज सुट्टी घेतलेली होती.

रामगिरी
म्हणजे राम अक्षराने वाचला आणि वर्णाने आराम गेला. ध्वनिवेडा, हे उद्या वर्गात सांगणार आहे, परवानगी गृहीत धरते.

वैदर्भी
सगळ्यांचे आभार. काल रात्री पूर्ण धागा बाबांना वाचून दाखवला. मोरोपंतांपाशी त्यांनी मान डोलावली, लग्नपत्रिकेला ते खोकला येईपर्यंत हसले. ध्वनिवेडा यांचे उत्तर त्यांनी दोनदा वाचायला लावले, मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला दोन आडव्या ओळींत चार-चार घरे आखली. पहिल्या ओळीत र, पू, ग, ना भरले, दुसऱ्या ओळीत रू, प, गा, न. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "दोन्ही बसतात. पण सूचना वेगळी द्यावी लागेल." भाच्याने ती घरे फोनमध्ये टिपून घेतली आहेत. पेन अर्थातच शाईचे होते.

कामठीकर
ध्वनिवेडा यांच्या उपायाप्रमाणे करून पाहिले. 'ईठमाक' आले. ठिपक्यांचे वर्तुळच बरे होते.